गाईनं पान नाकारलं त्याची हकीकत

झाशी, रविवार

तीर्थस्वरूप वामनमामांना जनार्दनचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, रक्तदाब आणि शेजाऱ्यांशी चाललेलं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. (सविस्तर कळवू नये.) आम्ही सारे खुशाल; आजारी आहे ती गाय.

गाय आमची नाही. इकडे दूध आटलं की गाईला मोकळी सोडतात, तिला अन्ना म्हणतात. अशी एक वर्षभर आमच्या फाटकाला टेकून असते. परवा आईच्या श्राद्धाला तिच्यापुढे गोग्रासाचं पान ठेवलं, तर हिनं तोंड फिरवलं. वडे नको, खीर नको, नुसती लाळ गाळत उभी. माझी बायको म्हणाली, सासूबाईंची काहीतरी इच्छा राहिली आहे. आणि दहाव्याला कावळ्यापुढे बोलतात तशी प्रमोदिनी गाईपुढे एकेक वचन देत सुटली: पाटल्या नणंदेला देऊ (नणंदेनं लगेच डोळे पुसले), यांची तंबाखू सोडवू. गाय ढिम्म. अर्धा तास उन्हात, उपाशीपोटी, माझी मती गेली आणि मी बोलून बसलो, "आई, वामनमामांना इथे आणून ठेवीन." गाईनं मचमच ओठ वाजवले. सगळ्यांनी हात जोडले.

संध्याकाळी मी जनावरांचे डॉक्टर बोलावले. जबडा उघडून म्हणाले, "पंडितजी, मुँह में छाले हैं. खुरपका-मुँहपका है, इस इलाक़े से जाता ही नहीं." म्हणजे आपलं लाळ्या-खुरकूत. कधीपासून आहे विचारलं, तर म्हणे पुरखों के ज़माने से. (आमचं घराणं अडीचशे वर्षं इथे राहून अजून दक्खिनीच, रोग मात्र इथला ठरला.) ओठ वाजवणं हे त्याचंच लक्षण, असंही ते म्हणाले. पण प्रमोदिनीचं म्हणणं, रोग सकाळपासून होता, ओठ मामांच्या नावालाच वाजले. तिनं मागची खोली झाडलीसुद्धा.

तुमचा भाचा,
जनार्दन

ता. क. तुम्ही चाळीस वर्षं जनावरांचे डॉक्टर होता. ओठ वाजवणं म्हणजे होकार नव्हे, एवढं सही-शिक्क्यानिशी लिहून पाठवावं. मामी गेल्यापासून तुम्ही एकटे आहात आणि आई शेवटपर्यंत तुमचा धोशा लावून होती, हे मी विसरलेलो नाही; पण मागच्या खेपेला तुम्ही आमच्या साहेबांची पापणी ओढून त्यांना जंताचं औषध सुचवलंत, हे साहेबही विसरलेले नाहीत.

ता. क. २ पत्र टाकायचं राहिलं आणि पंधरवडा गेला. गाय ठणठणीत झाली, डॉक्टरांनी तोंड तपासून सांगितलं. प्रमोदिनीनं पुन्हा पान मांडलं. मी घाईनं म्हटलं, मामा तिकडेच बरे. गाईनं पान हुंगलं आणि मागे सरली. मग मुकाट्यानं "आणतो" म्हटलं. तिनं पत्रावळीसकट फस्त केलं. शुक्रवारी स्टेशनवर येतो. तिकीट सोबत आहे. परतीचं प्रमोदिनीनं काढू दिलं नाही.