पुसण्याआधी

सुचौ

छ्यू काकू,

खटला मी जिंकले. उद्या तुम्ही तुमच्या दारावरचा, माझ्या दाराकडे रोखलेला कॅमेरा काढणार आणि माझ्यासमोर सगळं चित्रण पुसणार. माझ्या घरी कोण येतं-जातं हे माझं खासगी आहे, असं मीच कोर्टात ठणकावलं होतं. "तुझ्या दारात काय सोनं पुरलंय का गं?" असं तुम्ही इमारतीच्या ग्रुपवर विचारलंत, तेव्हा तर मी इरेलाच पेटले.

पण आज नव्या वर्षाच्या शुभेच्छांच्या लाल पट्ट्या दाराला चिकटवताना माझे हात थांबले. गेल्या वर्षी त्या आईनं लावल्या होत्या. खळीचे हात पुसत तिनं तुमच्या कॅमेऱ्याला विचारलं, "काय छ्यूताई, जेवलात का?" मी तिच्यावर खेकसले. उन्हाळ्यात ती गेली. माझ्याकडे तिचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही.

सकाळपासून कितीदा तरी तुमच्या दारापर्यंत येऊन परतले. तेही तुमच्या कॅमेऱ्यात आलंच असेल. हे पत्र दाराखालून सरकवायचाही धीर होत नाही.

उद्या तुम्ही विचाराल, "पुसू ना?" मला हो म्हणावंच लागेल. त्याआधी, काकू, आईचं तेवढं "जेवलात का?" एकदा आवाज मोठा करून लावाल?

समोरच्या दारातली,
रुइलान