दुःखी बसायची तालीम

४ मार्च

चित्रांच्या वर्गाला आज तीन माणसं. त्यातला एक काकूंकडे शिडी मागायला आला होता, मी त्याच्या हातात ब्रश दिला. बिचाऱ्याला नाही म्हणता आलं नाही. एक शिडी काढून गेला!

संस्थेच्या साहेबांचा फोन. "हजेरी फार घसरलीय हो. असंच राहिलं तर पुढच्या वर्षीचा निधी विसरा. सोळाला पाहणीला माणूस पाठवतोय." मी आपली "हो सर, हो सर". सांगायचं होतं की अहो, माणसं बरी झाली म्हणून यायची थांबली! पण नेमक्या वेळी माझी दातखीळ बसते. आणि मी खेडोपाडी लोकांना शिकवते काय, तर चित्रं काढा, मन मोकळं करा.

५ मार्च

बरी झालीच आहेत पण! बसचा ड्रायव्हर — अपघातानंतर स्टिअरिंग धरलं की हात थरथरायचे. इथे महिनोन्‌महिने नुसती चाकं काढली, आता पुन्हा गाडीवर आहे. शिंपीणबाई बाळ गेल्यावर घराबाहेर पडत नव्हत्या. आता कपडा शिवायला टाकला तर महिनाभर मिळत नाही. हेडमास्तरांना झोप येत नव्हती, ते आता वर्गाच्या वेळेला घोरत असतात.

म्हणजे काम चांगलं झालं की खोली रिकामी, आणि खोली रिकामी की पैसे बंद. असला धंदा शोधून काढायला डोकं लागतं. माझ्याकडे आहे.

७ मार्च

शेवटी काकूंना सांगितलं. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. वर्गाला पुढची खोली त्यांनीच फुकट दिलीय. रोज दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवतात. हसू लागल्या की गल्लीच्या टोकाला कळतं. आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "अगं, बोलाव की सगळ्यांना एक दिवस. दुःखी बसा म्हणावं. एवढं नाही का करणार तुझ्यासाठी?"

शुद्ध वेडेपणा. मी लगेच हो म्हटलं. हजेरीत काकूंचंच नाव घालावं असंही क्षणभर वाटलं, पण कोण विश्वास ठेवणार? त्यांना काय धाड भरलीय!

१२ मार्च

तालीम! ड्रायव्हर दुःखी व्हायला गेला की जांभई देतो. हेडमास्तर कपाळावर हात मारून घेतात. काकू वैतागल्या. "मास्तर, तुमचे पैसे हरवलेत का? असं नसतं. नुसतं बसायचं. कुणी हाक मारली की जरा उशिराने बघायचं. आणि बघितलं की आधी हसायचं." करून दाखवलं. हुबेहूब! मग टाळ्या! मी म्हटलं, "काकू, तुम्ही नाटकातच जायला हवं होतं!"

१६ मार्च

मेले.

पाहणीच्या ताई बसने आल्या. कुणाच्या बसने? दुसऱ्या कुणाच्या असणार! पठ्ठ्याने वाटेत सगळं सांगितलं — अपघात, थरथर, चाकं, आमच्या मॅडम किती गुणाच्या. आणि तासाभराने तोच वर्गात भिंतीकडे तोंड करून बसलेला.

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "हे मघाशी गाणी म्हणत होते ना?"

धरणी पोटात घेईल तर बरं. शिंपीणबाईंना आधी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. मला रडू फुटलं. रडतरडतच सगळं खरं सांगून टाकलं. अख्ख्या वर्गात खरोखर रडणारी मी एकटी.

१७ मार्च

सामान बांधावं का? आईला काय सांगू?

२४ मार्च

साहेबांचा फोन. उचलू की नको! उचलला. ताईंनी सांगितलं म्हणे, माणसं खरंच बरी झालीत. "शाबास! तिथलं काम फत्ते. ते केंद्र बंद करा. नदीपलीकडच्या गावात नवीन उघडतोय, तिथे तुम्हीच मुख्य. पगारही वाढेल." मी हवेत! स्वतःची पाठ थोपटायला गेले, हात पोचला नाही. काकू म्हणाल्या, "बरं झालं गं बाई." आज त्यांनी टर उडवली नाही. मी जाणार म्हणून वाईट वाटत असेल.

२९ मार्च

रंग खोक्यात भरत होते. सहज विचारलं, "काकू, त्या दिवशीची दुःखाची नक्कल शिकलात कुठे?"

"नक्कल तुमची होती गं. मी नक्कल करते ती हसायची. तुझे काका गेल्यापासून."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. तर म्हणाल्या, "शिडीवाल्याला हाताला धरून बसवलंस. मी रोज दाराशी असायचे. मला कधी आत ये म्हणाली नाहीस."

साहेबांना फोन केला. मी कुठेही जात नाही.