टोरीचं तेल आणि बाभळीचा काटा

माय, आज मी लय खूश आहे आणि तुले सांगितल्याशिवाय घास गिळत नाई. धाकट्या पोराची पोरगी, सात वर्षांची, तिच्या गालावर चिंचोक्याएवढा पांढुरका चट्टा उठला होता. आठ दिवस माझ्या डोळ्याले डोळा नाई. आज तिले घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण बाईनं चट्ट्यावरून कापूस फिरवला, पोरगी खुदकन हसली, तशी बाई म्हणाली, "आजी, काही नाही हे. थंडीनं कातडी कोरडी पडली. कडक पाण्यानं आंघोळ घालू नका, साबण कमी लावा, अंग ओलं असतानाच तेल चोळा." मी तिथीच हसत सुटली येड्यावाणी. सून हळूच म्हणते, "आई, लोक पाहून राह्यले ना!" पाहू दे म्हटलं. मी दुसरी शिकलेली बाई, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, तरी कागद घेऊन बसली.

अंग ओलं असतानाच, हे तर तू सांगायची, ती डॉक्टरीण जन्मायच्या कितीक आधी. मी तेव्हा नऊ वर्षांची. जिल्ह्याले चांदा म्हणत. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, पण आपल्या गावाले डॉक्टर आला नव्हता. धानोऱ्याले जायचं तर जंगलातून अर्धा दिवस. धान कापून झालं की असा हिवाळा पडे की ओठ उलत, गाल उलत, आणि तुझ्या टाचेच्या भेगेत तांदळाचा दाणा जाऊन बसे. तू टोरीचं तेल काढायची, मोहाच्या बियांचं. थंडीत ते लोण्यासारखं थिजे. शेकोटीजवळ बसून तू त्याचा गोळा तळहातावर घ्यायची, आचेवर धरायची, विरघळला की माझ्या पायापासून चोळत चोळत वर यायची. वास असा उग्र की मी नाक दाबायची. "वास तुले येते तसा थंडीले बी येते, म्हणून ते पळते," तू म्हणायची. आताच्या नारळाच्या तेलाले ती चव नाई. चव म्हणजे खायची नाई, कसं सांगू, ते अंगात बसत नाई.

त्या पुसाच्या महिन्यात एका सकाळी तुझा हात माझ्या गालावर आला आणि थांबला. तू माझं तोंड उजेडाकडे वळवलं. तळहातावरचं तेल पुन्हा थिजलं तरी तू तशीच. मग म्हणाली, "कोणाले दाखवू नको. डोक्यावरून फडकं घे." मले कळलं. नाल्यापल्याड खोपडीत एक मावशी राहत होती, धानाच्या बांधीत तुझ्या बाजूले उभी राहून रोपांचा रोवणा केलेली. तिले महारोग झाला म्हणून गावानं तिकडे नेऊन बसवली. तू पळसाच्या पानात भात घेऊन जायची, दगडावर ठेवायची, हाक मारायची, आणि ती बाहेर यायच्या आत आपण मागं फिरायचो. तिलेही आधी असाच एक चट्टा होता, दंडावर. सारं गाव सांगे.

"काऊन वं, पोरीचं तोंड झाकून ठेवते? नवरी आहे का ती?" शेजारची काकू विचारे. तू म्हणायची, "थंडी बाधते तिले." लोक म्हणत, तो रोग असला की टोचलेलं कळत नाई. म्हणून तू बाभळीचा काटा आणला. "डोळे मीट. टोचलं की सांग." मी मिटले. वाट पाहिली. शेकोटीतलं लाकूड तडकलं, बाहेर कोंबडा ओरडला, गालाले काहीच नाई. पापण्या जराशा किलकिल्या केल्या, तर काटा तुझ्या बोटांत, माझ्या गालापाशीच. मी ओरडली, "माय वं, दुखते!" तुझा श्वास असा सुटला की शेकोटीची राख उडाली. मले गुळाचा खडा दिला तू.

मग रोज तेच. आधी तेल, मग काटा. मी पापणीआडून पाहायची आणि काटा जवळ आला की बोंबलायची. एकदा तू म्हणाली, "एवढी कायले बोंबलते? काटा आहे, कुऱ्हाड नाई." आणि हसली, त्या हिवाळ्यात एकदाच. मी नाई हसली. मले ठाऊक होतं ना, मले काही लागत नाई. काटा कोनाड्यात असे, तू घरी नसताना घेऊन आपणच टोचून पाहावं, तेवढी हिंमत झाली नाई. भात ठेवायले गेलो की मी खोपडीकडे टक लावून पाहायची. मावशीच्या चटईजवळ दुसरी चटई मावेल का? तू भातासोबत तेल ठेवशील का? मी बाहेर येईपर्यंत थांबशील, की हाक मारून फिरशील?

होळीपर्यंत चट्टा गेला. "पाहा, तेलानं गेला," म्हणून तू काटा चुलीत टाकला. माझं भेव काही गेलं नाई. लग्नात हळद लावताना त्या गालाले कोणाचा हात लागला तरी मी दचकली. तू गेल्यावरही दर हिवाळ्यात मी आरसा उजेडात धरून पाहत राह्यली. डॉक्टरीण म्हणे, आता तो रोग गोळ्यांनी बरा होते, कोणाले गावाबाहेर ठेवायचं कामच नाई. मावशीच्या वक्ती त्या गोळ्या आपल्याकडे आल्या नाई, माय.

आज दवाखान्यात जायच्या आधी, सून पाणी तापवत होती तेव्हा, मी नातीले ओट्यावर बसवलं. कुंपणाच्या बाभळीचा काटा मोडून आणला होता. "डोळे मीट. टोचलं की सांग." बसली बिचारी मिटून. "लागलं का वं?" "नाई." मग ती एक डोळा उघडून म्हणते, "आजी, तू टोचून कुठी राह्यली? काटा तर तिकडेच आहे!" पाहिलं तर खरंच. काटा गालापासून तांदळाएवढा दूर, आणि माझा हात पुढं जाईना. ढकलला, तरी जाईना.

माय, तुझाही हात असाच होता का?

हा कागद कुठी धाडायचा नाई, घडी करून तेलाच्या शिशीखाली ठेवणार आहे, म्हणून लिहून टाकते. मी रोज खोटं ओरडली. आणि आज घरी आल्यावर, सारे जेवायले बसले तेव्हा, मागच्या दारी जाऊन तोच काटा मी माझ्या गालाले दाबला. एवढ्या वर्षांनी. लागला, माय. लय लागला.