खारंगोड

मंगळवार, ३ मार्च

भात जाळला! नुसता लागला असता तर गोष्ट वेगळी — जाळला. पॅन घासून घासून मनगट गेलं. उभा जन्म गॅरेजात लोकांची इंजिनं खोलली, पुन्हा बसवली. आणि घरी एका कोंबडीपुढे नि वाटीभर तांदळापुढे हात टेकले.

हिनं आतल्या खोलीतून, पलंगावरनं ओरडून सांगितलं होतं, "अहो, गॅस बारीक करा, आवाज बदललाय." कसला आवाज? गाडी फाटकात यायच्या आधी तिचं दुखणं ओळखतो मी. भातालाही आवाज असतो हे या वयात कळलं.

बुधवार, ४ मार्च

हिला दवाखान्यातून सोडलं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "आता घरीच ठेवा. मागतील ते द्या." आणि ही मागते काय, तर मी स्वयंपाक शिकावा!

सगळा नाही. एकच पदार्थ. खारंगोड. हे नाव बाहेर कुठे मिळायचं नाही, लेकीनं लहानपणी ठेवलेलं. कोंबडीचे तुकडे तेलात लाल करून काढून ठेवायचे. त्याच तेलात कांदा, लसूण, मग तांदूळ. मध, सोया सॉस, मीठ, मूठभर मनुका. गरम पाणी, तुकडे परत वर, झाकण. आणि झाकण उघडायचं नाही — हा हिचा कायदा. कानानं ओळखायचं. पाणी आटलं की रटरट थांबते, चरचर सुरू होते. तळाला खरवड धरली पाहिजे, पण लाल. काळी नव्हे.

"एवढं एक जमलं ना तुम्हाला, की माझी सुट्टी," म्हणाली. हसत. "एकच भांडं. घासायलाही एकच. उपाशी तरी मरणार नाही तुम्ही."

"मग जन्मात जमायचं नाही," म्हटलं आणि उठून बाहेर आलो. बाहेर येऊन करायचं काय? अंगणातल्या नळाचा वॉशर बदलला. चांगला होता तो वॉशर.

शुक्रवार, ६ मार्च

मध सांडला. ओटा चिकट, बाटली चिकट, माझा चष्मासुद्धा चिकट.

हिची परीक्षा बघण्यासारखी असते. बशीत दोन शितं, कोंबडीचा एक धागा. त्याहून जास्त आता जातच नाही. चमच्याच्या टोकावर घेते, जिभेवर ठेवते, डोळे मिटते. मी आपला दारात उभा, हातात फडकं. बराच वेळ ताटकळत ठेवते बाईसाहेब. मग निकाल.

"नाही जमलं. गोड फार झालं."

"गोड तर गोड! खा की मुकाट्यानं!" ओरडलो. आजारी माणसावर ओरडलो. तिला काही वाटलं नाही. "कांदाही कच्चा राहिला," म्हणाली.

सोमवार, ९ मार्च

आज ऐकला! झाकणाखाली रटरट, रटरट — आणि मग एकदम बारीक चरचर. गॅस बंद केला आणि त्याच क्षणी आतून हिचा आवाज, "करा बंद!" दोघं एकदमच. मला हसू आलं. तिलाही आलं, पण हसताना खोकला लागला, तो थांबेना.

निकाल — "नाही जमलं. मीठ कमी."

उशीवर वर सरकवताना आज हाताला वजनच लागलं नाही. राग येतो. कोणाचा ते कळत नाही. पॅनवर काढला.

गुरुवार, १२ मार्च

लेक आली होती. नोकरीवरून थेट, पोटात कावळे. ओट्याशी उभ्यानंच पॅनमधून खायला लागली. खाता खाता थांबली. मग तळाची खरवड उलथन्यानं खरवडली, तोंडात टाकली आणि रडायलाच लागली. "बाबा, अगदी आईच्या हातचं झालंय."

आधी छाती फुगली माझी. मग ती 'सुट्टी' आठवली.

तोवर आतून हिचा आवाज. आवाज कसला, पुटपुटणंच ते, पण ऐकू आलं. "तिला काय कळतंय? मनुका टणक राहिल्यात. अजून नाही जमलं."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. "आई पण ना! किती खोड काढावी माणसानं!"

 खरं सांगतो, मला बरं वाटलं. जमलं नाही ना? मग सुट्टी नाही. बसा आणखी.

शुक्रवार, १३ मार्च

आज एक वाईटपणा केला. इथे लिहितो, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

हात बसत चाललाय माझा. उद्या-परवा हिच्या तोंडून 'जमलं' निघेल म्हणून भ्यालो. मुद्दाम मूठभर मीठ लोटलं पॅनमध्ये. सोया सॉस होताच, वर हे. दोन शितांनी काही होत नाही, अशी मनाची समजूत घातली आणि बशी घेऊन गेलो.

डोळे मिटले तिनं. मी तोंड वाकडं होण्याची वाट बघत उभा.

"मीठ आज नेमकं पडलं," म्हणाली. "मध घालताना मात्र हात आखडलात. नाही जमलं."

ओट्याशी येऊन घासभर तोंडात टाकला. धरवेना. थेट सिंकमध्ये. नळ तसाच वाहत राहिला आणि मी तिथे उभा.

शनिवार, १४ मार्च

सकाळी इंजेक्शन द्यायला सिस्टर येतात. आज जाताना त्यांना फाटकाशी गाठलं, विचारलं.

"काका, तुम्हाला माहीत नव्हतं? चव तर त्यांची कधीच गेली. औषधंच तशी आहेत. साखर आणि खडू एकच लागतं त्यांना." मग जरा घुटमळल्या. "मला म्हणाल्या होत्या, यांना सांगू नका. कळलं तर उद्यापासून ओट्याशी फिरकायचे नाहीत."

म्हणजे मध जास्त, मीठ कमी — सगळं मनचं! कांदा कच्चा होता की नाही हे तिला ठाऊकच नव्हतं. मी मात्र त्यानंतर रोज कांदा परतत जीव काढला. भलतीच पक्की आहे. हसायला येतंय.

पण मग लेकीला चालतं, मला चालतं, तर रोज 'नाही जमलं' कशाला? मला शिकवायचं होतं ना? ते तर झालं. माझ्या टाळक्यात आता शिरतंय. तिलाही सुट्टी नको आहे. मी मीठ लोटून वेळ काढतोय, ती जिभेला चव नसताना खोड काढून.

मला कळलंय हे तिला सांगणार नाही.

मंगळवार, १७ मार्च

"नाही जमलं. लसूण करपली."

करपली नव्हती. "हो गं, चुकलंच माझं," म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकून घेतोय म्हणून संशयानं बघत होती.

बुधवार, १८ मार्च

"नाही जमलं." कारण काही सांगितलं नाही. दमली.

शनिवार, २१ मार्च

आज आतून एकदाही सूचना आली नाही. ना गॅस बारीक करा, ना पाणी बघा. ओट्याशी एकटा उभा होतो. चरचर ऐकू आली, बंद केला, तरी कान आतच.

बशी नेली तर झोपलेली. पलंगाशेजारी बसून मीच खाल्लं. चांगलं झालं होतं. उरलेलं झाकून ठेवलं.

लेक मुक्कामाला आली आहे. आल्यापासून आईचे पाय दाबत बसते आणि दर थोड्या वेळानं, "बाबा, जेवलात?"

सोमवार, २३ मार्च

दुपारी डोळे उघडले. "केलंत?" ओठच हलले. बशी नेली. एक शीत बोटानं जिभेवर ठेवलं तिच्या. डोळे मिटले नाहीत आज. माझ्याकडेच बघत राहिली.

"जमलं हो."

"कसलं जमलं!" म्हटलं. "मीठच घालायला विसरलोय. उद्या परत करतो."

घातलं होतं मीठ. ती नुसती हसली.