डाव्या मिशीची चाई

सातारा, बुधवार. फाल्गुन, १९४४

सरकारने साखर मापून द्यावी, रॉकेल मापून द्यावे, ते सोसले. पण मिशीही अर्धीच मिळावी, याची दाद कुठे मागायची? डाव्या बाजूला चाई पडली, चट्टाभर केस झडले. सांगलीच्या वैद्यांचा गुंजेचा लेप महिनाभर लावला. ओठ भाजला, आणि उगवली ती पांढरी लव. आता वैद्य म्हणतात, सगळी मिशी उतरवा, म्हणजे एकसारखी येईल. त्यांचे काय जाते? इथे मिशी उतरवलेला माणूस दिसला की लोक विचारतात, वडील कधी गेले? आणि माझे आबा तर ओट्यावर पान कुटताहेत. त्यांच्यादेखत कशी उतरवू?

संध्याकाळी आबाच म्हणाले, "न्हाव्याला बोलाव की रं. माझ्यापायी अडलायस व्हय?"

"लोक काय म्हणतील, आबा?"

"म्हणू देत. मी गेल्यावर काढणारच हायस. तवा मला कुठं दिसणार? आत्ता बघतो."

न्हावी आला. आबा समोर पाट घेऊन बसले. वस्तरा डाव्या बाजूने फिरला, मग उजव्या. काळे-पांढरे केस माझ्या मांडीवर पडले. आबांनी माझ्या ओठावरून बोट फिरवले.

"ल्हान हुतास तवा असाच दिसायचास," म्हणाले. मग माझ्या मांडीवरचे केस झटकत, "मी गेल्यावर परत काढू नगंस. पोचलं मला."