तुझ्या वतीने दिलेलं उत्तर

आई, मला पाचवा महिना लागलाय. लोहाच्या गोळ्या रोज घेते, तुला मिळायच्या तशाच. गोळ्यांचं बाबांना माहीत नाही.

परराज्यात आलो तेव्हाची, मुरलीपुऱ्यातली आपली खोली आठवते. गरोदर बायकांना सरकारी गोळ्या देणारी आशादीदी दाराशी उभी आहे आणि तू माझ्याकडे बघतेस. तुला हिंदी समजायची, पण बोलताना अडायचीस, म्हणून तुझी उत्तरं मीच द्यायचे. "गोलियाँ खा रही है मम्मी?" तू पुटपुटतेस, "सांग, रोज घेते म्हणून." मी सांगते. दीदी माझा गाल ओढते, "बड़ी होशियार है तेरी छोरी!" आणि रिकामी पाकिटं बघून जाते. त्यातल्या गोळ्या आपण दोघींनी सकाळीच मोरीत सोडलेल्या असतात. गोळ्यांनी बाळ फार मोठं होतं, मग पोट फाडावं लागतं, असं शेजारणीनं तुझ्या मनात भरवलं होतं. मला तो खेळ वाटायचा.

बाळंतपणात रक्त थांबलंच नाही. भाऊ वाचला, तू गेलीस. अंगात आधीच रक्त कमी होतं, असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या घेत होत्या का? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांची होते मी. तू शिकवलेलंच उत्तर दिलं.

तेव्हापासून बाबांचा राग गोळ्यांवर. मला दिवस गेल्याचं कळल्यावर म्हणाले, "तिनं एकही चुकवली नाही, काय उपयोग झाला? तू नको घेऊस. घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, एवढं कळत नाही?"

मी आता आमेरकडच्या वस्त्यांमध्ये गरोदर बायकांना याच गोळ्या समजावते. जेवल्यावर घ्या, वर लगेच चहा नको, घेत नसाल तर खरं सांगा. मागच्या आठवड्यात एका सासूनं विचारलं, "तेरी माँ ने खाई थी क्या, मैडमजी?" सगळ्या हसल्या. मी वहीत बघत राहिले. एखादी लहान मुलगी आईच्या ऐवजी बोलू लागली, की पुढचं मला ऐकूच येत नाही.

बाबा तुझ्यावर रागावतील म्हणून गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत आले. पण तुझ्यावर ते आता रागवायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी कुणाकडे पाहिलं होतं, ते त्यांना आठवेल, याची मला भीती वाटते. हे पत्र खरं तर त्यांनाच लिहायला हवं होतं. आज फोनवर त्यांनी पुन्हा विचारलं, "घेत नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही."