फणी अडली नाही

४ मार्च, मंगळवार

मालकांशी वाजलं! ते म्हणतात, कंडिशनरमध्ये सिलिकॉन हवंच. मी म्हटलं, नको. थरावर थर चढतो आणि केस चप्प बसतात. मग तेच म्हणाले, करून दाखव. केसांच्या ओल्या झुपक्यावरून फणी आपल्या नेहमीच्या मालाइतकी हलकी फिरली, तर पुढची बॅच तुझ्या पद्धतीची. नाही फिरली, तर कॉलेज सोडलंस तसा कारखानाही सोड.

सोडतो! पण वेळच येणार नाही.

५ मार्च

बाबा जेवताना भिंतीला उद्देशून म्हणाले, शिक्षण सोडून लोकांची डोकी धुतोय. चूक. डोकी लोक धुतात. मी नंतरचं बघतो.

धुतलेल्या केसावर ऋण भार असतो, माझ्या मिश्रणावर धन. चिकटणारच! केसावर कौलांसारखे खवले असतात. टोकाकडे ते जास्त उचकटलेले, म्हणून मिश्रणही तिथेच जास्त धरतं. वर मेणट, पातळ थर बसतो – केस केसावरून घसरतो, फणी अडत नाही. आईला सांगितलं, जिथे जास्त दुखावलंय तिथे जास्त बसतं. ती म्हणाली, मग बाबांनाही थोडं लाव.

७ मार्च

मिश्रण तयार! कारखान्यातले भांडीवाले काका मागे लागले होते – यात आधी शाम्पू होता, गरम पाण्याने दोनदा विसळ. एकदा विसळलं. दिसत होतं की स्वच्छ! त्यांच्यावर ओरडलो. मग वाईट वाटलं. पण घाई होती, चाचणी फणीवाली करणार होती.

फणीवाली म्हणजे चाचणीच्या टेबलावरची. केसांचा झुपका ओला करून गुंतवते आणि काट्याला जोडलेली फणी वरून खाली एका दमात ओढते. किती जोर लागला ते काटा सांगतो. गुंत्याला आधी हात लावायचा नाही, हा तिचाच नियम. एकदा मी बोट लावलं, तर मनगटावर फणी मारली. तेव्हापासून मी कामातून गेलो.

तिला अजून काही बोललेलो नाही. बाकी सगळ्या कारखान्याला माहीत आहे.

१० मार्च

जिंकलो!!!

काटा जेमतेम हलला. मालकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. फणीवाली मान वर न करता म्हणाली, "बरं आहे." बरं?!

बाबा नुसतं "हं" म्हणाले. पण पाणी आधी माझ्या पेल्यात ओतलं.

११ मार्च

मोठी बॅच लावण्याआधी खात्री म्हणून मालकांनी स्वतः फणी ओढली. मिश्रण तेच, झुपका नवा. फणी मध्येच रुतली. पुन्हा ओढली, पुन्हा रुतली. नुसत्या पाण्याने धुतलेल्या केसात रुतावी तशी.

माझं डोकं फिरलं. तुम्हाला ओढताच येत नाही, म्हटलं. मग बाटली उजेडात धरली. तळाशी फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या! भांड्यात राहिलेल्या शाम्पूचा भार माझ्या मिश्रणाच्या उलटा – दोघे एकमेकांना धरून बसले. केसाला चिकटायला उरलं काय? काका बरोबर होते.

पण मग काल काटा का हलला नाही?

टेबलापलीकडे फणीवाली फणी पुसत होती. स्वच्छ फणी. केव्हाची.

मालक म्हणाले, "कालचा झुपका कुणीतरी आधी सोडवून ठेवला होता. कोण ते उद्या कळलं पाहिजे."

१२ मार्च

मी सोडवला, असं मालकांना सांगून टाकलं. बॅच गेली. कारखाना मात्र सुटला नाही – काकांच्या हाताखाली भांडी विसळायची. काकांची माफी मागितली. ते म्हणाले, दोनदा माग.

जिन्यात ती आडवी आली. "खोटं कशाला बोललास?"

"सुरुवात कुणी केली?"

तिने मनगटावर फणी मारली. या वेळी हळू.